रंगाचं नाव

म्हसवडच्या चारा छावणीत मी सुट्टीला आलो तेव्हा
दावणीला अकराशे जनावरं होती,
त्यातली दोन आईची.
ती त्यांच्याजवळच निजायची,
पत्र्याच्या पेटीवर डोकं टेकून.
घरी चल म्हणालो,
तर म्हणाली, घर इथंच आलंय की.

तीन वर्षांनी मलाकालला उतरलो.
डोक्यावर निळी टोपी,
खांद्याला लशीची थंड पेटी.
कुंपणाच्या आत हजारो माणसं,
ताडपत्री, चिखल, पाण्याच्या टाकीपुढं
भांड्यांची रांग. माणसं सावलीत,
रांगेत नुसती भांडी.
हे मला ओळखीचं होतं.
जनावरांचं शिक्षण मला फौजेनं दिलं होतं,
रांगेचं माणगंगेनं.
तारेला लागून एक म्हातारी निजली होती,
पेटीवर डोकं.
मी कुणाला काही बोललो नाही.

लस बर्फात ठेवली नाही तर तिचं नुसतं पाणी होतं.
बर्फाला वीज लागते.
जनरेटर बांगलादेशी पोरांचा,
त्याचं डिझेल नदीनं यायचं, आठ-आठ दिवस उशिरा,
आणि धक्क्यावर पहाऱ्याला एक मंगोल शिपाई,
जो मला हातवाऱ्यांनी घोडीचं बाळंतपण समजावायचा.
घानाची डॉक्टरीण माणसांच्या दवाखान्यातून यायची,
बर्फावरून आमची रोज भांडणं.
तुझी गाय की माझं पोर, विचारायची.
मी म्हणायचो, गाय मेली तर पोर काय पिणार?
मग पेटी मध्ये ठेवून
आम्ही बर्फ वाटून घ्यायचो, मुठीनं,
हात बधिर होईपर्यंत.

वरून कागद यायचे.
गोळी कधी झाडायची, कधी नाही,
कलम, पोटकलम, खाली सही.
एका रात्री कुंपणाच्या आतच पेटलं.
फाटक उघडायचा हुकूम पहाटे आला.
डॉक्टरणीनं त्या दिवशी बर्फ मागितला नाही.
मीच नेऊन दिला, सगळा.

इथं पारावर विचारतात, तिकडं काय केलंत?
मी पदक दाखवतो.

माजोक नावाचा एक म्हातारा
एकुलती गाय घेऊन टोचायला यायचा.
माजोक म्हणजे काळा-पांढरा बैल;
त्यांच्यात बैलाच्या रंगावरून माणसाचं नाव ठेवतात.
मी मोबाइलवर आमच्या दावणीचा फोटो दाखवला.
बराच वेळ बघत राहिला.
मग एकेका शेपटीवर बोट ठेवून रंग सांगत गेला
आणि मी माझ्याकडचे,
कोसा, काजळी, हरण्या.
मध्ये दुभाषी नव्हता.
कोशाला तो माबिओर म्हणाला, म्हणजे पांढरा.
पांढरा नव्हे रे, मी मराठीत म्हणालो,
राखाडी झाक आहे बघ मानेवर.
त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला,
मान हलवली, हसला.
माझी चूक होती की त्याची, कळलं नाही.

तो आता आहे की नाही, ठाऊक नाही.
त्याच्या गायीच्या कानातला बिल्ला मीच मारला होता,
त्याचा आकडा अजून पाठ आहे.

परवा सुलाबाई वीरकरांची खिलार व्याली.
गोऱ्हा झाला, कोसा.
आबा, तुमी लांब फिरलाय,
एखादं चांगलं नाव सांगा, म्हणाली.
सांगितलं.
दोनदा म्हणून बघितलं तिनं,
जिभेवर काही बसेना.

आज सकाळी वाड्याच्या कोपऱ्यावरून तिची हाक आली,
माब्या, ए माब्या, हिकडं ये.
गोऱ्हा जागचा हलला नाही.
चारच दिवसांचा आहे.
आपल्याला नाव मिळालंय,
हे कळायला
त्याला अजून वेळ आहे.