अठ्ठाविसावा दिवस

शाळेच्या ओसरीत आज पुन्हा मी, माझी निळी शीतपेटी,
आणि बाकावरून पाय जमिनीला न टेकणारी सिउलोलो.
"या वेळी डावीकडे," ती बजावते,
"उजवीकडचं अजून गेल्या खेपेचं दुखतंय."
मी भरलेली सिरिंज तळहातांत घोळवत राहते.
पेनिसिलिन जरा कोमट झालं तर कमी झोंबतं.
एवढीच दया माझ्या हातात आहे.

आधी नुसता घसा धरला होता.
घसा कुणाचा धरत नाही?
फिफितानं लेकीला मीठपाणी दिलं
आणि ती केवड्याच्या पातीची चटई विणायला परत बसली.
तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा.
मग मनगट.
दुखणं अंगभर बिऱ्हाडं बदलत फिरलं
आणि छातीत मात्र घर करून राहिलं.

फिफिताला मी लालीच्या भाषेत सांगितलं.
लाली, आपला चर्चपुढचा लाकडी ढोल:
वादळाची चाहूल लागली की हा वाजतो,
ऐकून पलीकडच्या वाडीचा वाजतो, मग त्याच्या पलीकडचा.
रक्तातही असे ढोलकरी असतात.
इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन,
माझ्या वहीत त्यांची नावं आहेत, जिभेवर बसत नाहीत.
त्यांना हात नाहीत, डोळे नाहीत, फक्त सांगावा:
धावा, कुणीतरी आत शिरलंय.
आणि शिरलं होतंच. ते खोटं बोलले नाहीत.
पण ज्यांनी चोर पाहिला, त्यांनी केलेल्या वर्णनात
हृदयाच्या झडपेचं नाक आलं,
झडपेची हनुवटी.
चोर केव्हाच मेला, ढोल वाजत राहिले,
आणि झडप बिचारी दारातच उभी होती.

फिफिता बराच वेळ पात सोलत बसली.
"वादळ गेलं, असं त्यांना कुणी सांगत नाही?"

सांगणारे असतात. हिच्यात कमी पडले असतील.
का कमी, आणि हिच्यातच का,
सात जण एका चटईवर निजतात, खोकतात सगळेच,
ते शोधायला हिच्या रक्ताच्या चार नळ्या
बोटीनं आणि मग विमानानं ऑकलंडला गेल्यात.
उत्तर आलेलं नाही.
मीही दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

स्टेथोस्कोप लावते.
ठोका, आणि ठोक्यामागून एक लांब फुंकर,
भातावर घातल्यासारखी.
तेवढीच आहे. वाढली नाही. वाढली नाही असं मी मोठ्यानं म्हणते.

"आणखी किती?" ती विचारते.
एकवीस वर्षांची होईपर्यंत, मी सांगते,
दर अठ्ठावीस दिवसांनी, समुद्र खवळला नाही तर.
ती बोटं मोडते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.
वर्गात गणितात हीच पहिली.
"एकशे छप्पन्न.
आजचं धरून?"

मी टोपण काढते.
"आजचं धरून."