पाऊणकी

औशाहून बदली घेऊन आलो तेव्हा
पाणी म्हणजे टँकर, एवढंच मला ठाऊक.
ऐरोलीच्या धक्क्यावर हिराजी तांडेल म्हणाला,
"भाऊसाहेब, घड्याळ ठेवा खिशात. पाऊणकी येते का?"

आजोबांनी पाठ करून घेतली होती, ज्वारीच्या मापासाठी.
इथे ती तिथीला लावायची:
चवथीला तीन, अष्टमीला सहा,
तेव्हा भरती पुरी. त्या सुमाराला होडी लागते.
मग सहा तास सरकार चिखलात.

शिंपाळे बेट. घरं एकतीस, मतदार एकशे एकोणीस,
विहीर एक, तिच्यावर दावे दोन.
समोरचे मनोरे रात्री इतके उजळ
की चिंबोऱ्या धरायला बत्ती लागत नाही.
महापालिका झाली तेव्हा हे गाव यादीत यायचं राहिलं.
म्हणतात, नकाशाची घडी नेमकी इथून जात होती.
म्हणून ग्रामपंचायत उरली: एक कपाट, एक शिक्का
आणि गुरुवारी मी.

इथे मतदान गुप्त असतं.
म्हणजे कुणी कुणाला दिलं ते सगळ्यांना माहीत असतं,
फक्त जेवताना विषय काढत नाहीत.

यंदा सरपंचपद अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी निघालं.
तहसीलात चिठ्ठी उचलणाऱ्या पोराला काय कल्पना
की बेटावर अशी बाई एकच.
बुधी वाघे. नवऱ्याबरोबर मिठागरावर आलेली.
मिठागर बंद पडलं, नवरा गेला,
ती राहिली, बांधाच्या टोकाला.
बिनविरोध.

पहिल्या सभेत पहिला विषय: तालुक्याचं पत्र,
बेटाचं क्षेत्रफळ कळवावे.
जोमा केणी म्हणाला, लिहा अकरा एकर,
माझ्या आज्यापासून अकराच आहे.
मी लिहायला घेतलं.

"ते भरतीचं माप," बुधीबाई म्हणाल्या.
"सुकतीला बेट केवढं व्हतं, ते कोनी मापलंय?"

कुणी काही बोलेना.

"ताटात निवट्या येतात त्या कुठून? कालवं?
त्या तुमच्या अकरा एकरात नाय घावत."

जोमा म्हणाला, दिवसातून दोनदा बुडते
तिला जमीन म्हणत नाहीत, बाई.

"माझं खोपटं पन बुडतं उधानाला.
त्याची घरपट्टी घेता ना?"

घरपट्टीची वही माझ्याच मांडीवर होती.
पान उघडून बघायची गरज नव्हती.

अमावास्येच्या सकाळी सहाला मोजणी झाली.
पुढे त्या, मागे टेप धरून हिराजीचा पोरगा,
त्याच्यामागे गुडघ्यापर्यंत विजार गुंडाळलेला मी.
कुठे पाय द्यायचा ते त्या न बघता सांगत होत्या.
तरी मी दोनदा रुतलो,
एक चप्पल अजून तिथेच आहे, शासकीय कामात गेलेली.
रोहितांचा थवा जरासा सरकला,
आम्ही पुढे गेल्यावर पुन्हा जागेवर येऊन बसला.

एकोणीस एकर, वीस गुंठे.

ठराव क्रमांक एक. भरतीस अकरा एकर,
सुकतीस साडेएकोणीस. सूचक: सरपंच.
अनुमोदक कोण, विचारलं.
पंखा नव्हता, नाहीतर त्याचा आवाज ऐकू आला असता.
भिंतीला टेकून झोपलेला लहानू वैती शेवटी म्हणाला,
"लिवा माजं नाव. पानी उतरतंय, यांना जायचंय."

तालुक्याहून उत्तर आलं:
क्षेत्रफळ कोणत्याही एका आकड्यात कळवावे.
आम्ही तोच ठराव पाठवला. तेच उत्तर आलं.
तिसऱ्यांदा आलं तेव्हा
बुधीबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं,
अंगठ्याची शाई पदराला पुसली,
आणि विचारलं,
"हे लिवलं त्या दिवशी तिथ कंची व्हती?"

मी पंचांग काढलं. सप्तमी.
सात पाऊणे सव्वापाच.

बाहेर हिराजी हाका मारत होता.