झडतीचा हात

मुरगाव बंदर. सकाळचे सव्वासहा.
कोळशाची धूळ दवात भिजून शाई झालीय.
कायतान फुर्ताद यांची घरगाडी
(परवापर्यंत मडगावच्या पोदेराची व्हॅन,
दार उघडलं की अजून उंड्यांचा वास)
बोटीच्या जबड्यापुढे उभी.
बोट मोंबासाला. दिवस बावीस.
माणसं विमानाने जातील. गाडी एकटी.

मी विचारायचं ते विचारतो.
गॅसची टाकी? उतरवली.
पाणी? सोडून दिलं.
डिझेल? काटा तळाला.
आत जनावर, रोप, माती, माणूस?
‘माणूस’ म्हटल्यावर आर्मिंदाबाई हसतात.
सगळेच हसतात इथे.
पण कुणीतरी कधीतरी
दोन भिंतींमध्ये श्वास धरून बसल्याशिवाय
हा रकाना छापला गेला नसणार.

पोकळी शोधायला मला खात्याने शिकवलं नाही.
आमचं घर किरणपाणीचं. पलीकडे आरोंदा.
मधे तेरेखोल नदी, आणि पाण्यात कुठेतरी
सरकारने ओढलेली न भिजणारी रेघ.
अलीकडे दारू मोकळी, पलीकडे तेव्हा बंदी.
आजोबांनी तर त्याही आधी, फिरंग्यांच्या वेळी,
सुरमईच्या पोटातून घड्याळं नेलेली,
चालू, टिकटिकणारी.
जयवंतीमावशी ट्रकच्या ट्यूबमध्ये फेणी भरून
पोटावर बांधायची, वर नऊवारी,
आणि सातव्या महिन्याच्या चालीने
होडीतून उतरायची, एक हात कमरेवर.
वर्षाला चार वेळा सातवा महिना!
काठावरचा शिपाई विचारी, काय गो, कितवा?
ती म्हणे, मोजतंय कोण.

मग त्याची बदली झाली.
नवा बोलत नसे. त्याच्याकडे वेताची काठी.
गोणी ढोसायचा, पेंढा ढोसायचा,
माशांच्या पाट्या तळापर्यंत.
त्या दिवशी मावशीच्या पोटावर ट्यूब नव्हती.

घरी इतकंच सांगतात.
पुढचं विचारलं की आई
चुलीतलं लाकूड आत सारते, ते आतच असलं तरी.
मावशीने पुन्हा होडीत पाय ठेवला नाही.
भाचीच्या लग्नाला आरोंद्याला गेली
ती सातार्ड्यावरून, अख्खा वळसा घालून.

मलाही काठी मिळालीय, रबरी टोकाची.
ती टेबलामागे कोपऱ्यात असते.
मी आधी तळहात ठेवतो, मग बोटांची पेरं.
छत ठीक. दार ठीक. सिंकखालचं कपाट ठीक.
पलंगामागची फळी वेगळं बोलते.

उघडा.
कायतान चार स्क्रू काढतात, चौथा खाली पडतो,
कुणी उचलत नाही.
आत चोरिसांच्या दोन माळा,
माडाच्या व्हिनेगरची बाटली,
आणि कापडाने तोंड बांधलेली बरणी.
‘हे काय?’
‘आंबवण,’ आर्मिंदाबाई म्हणतात.
‘सासऱ्यांच्या भट्टीतलं. एक दिवस खंड नाही.
जिवंत आहे, जपून धरा.’

जनावर, रोप, माती, माणूस.
मी रकाने पुन्हा वाचतो.
बरणी हातात कोमट.
तळातून एक बुडबुडा निघतो, मध्येच थांबतो, वर येतो.

नियम मी सांगितलेच. माळा निघाल्या, बाटली निघाली.
कपाटांना सील, सीलांना नंबर, नंबर वहीत.
किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा
कायतान यांनी ती दोनदा दिली, दोनदा परत घेतली.
‘रात्री गाडीजवळ कोण असतं?’
खोटं बोलता आलं असतं.
‘कुणी नाही,’ मी म्हणालो. ‘साखळ्या असतात.’

बरणी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.
रोज मूठभर पीठ, थोडं पाणी, बास.
बावीस दिवस काळोखात ती तशीही जगली नसती,
हे त्यांनाही माहीत होतं.

दुपारी जेवून आलो,
बोट खाडीच्या तोंडाशी वळत होती.
बरणीचं कापड फुगून वर आलेलं, गोल, ताणलेलं.
मी बोट लावलं नाही.