डाव्या हाताचा मळ

आई बार्शीला गेलीय, मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन.
जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली:
गोळ्या सकाळी दोन, रात्री तीन. साखर बेताची.
‘बेताची’खाली दोन रेघा.

खडकीतल्या या दोन खोल्यांत
आम्ही दोघं आणि रविवार.
अप्पा म्हणाले, म्हणजे अर्धं म्हणाले,
उरलेलं ओठांच्या उजव्या कोपऱ्यात अडकलं:
‘कँटीनमधला… तो… गोड टोस्ट.’

फॅक्टरीच्या कँटीनमध्ये पगाराच्या दिवशी
गुंजाळ नावाचा आचारी करायचा म्हणे.
आधी साहेब लोकांना,
उरला तर लेथवाल्यांना.
एवढं कळायला वीस मिनिटं लागली.
चहा दोनदा गरम केला.

ब्रेड कालचा होता.
ताजा आणायला मी चपला घातल्या
तर त्यांनी मान हलवली.
शिळाच बरा.
ताजा दुधात पडला की हात सोडतो.

अंडी मी फोडणार होतो.
त्यांनी डावा हात पुढे केला.

सदतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस;
केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक
त्यांच्या बोटाला आधी कळायचा, मायक्रोमीटरला नंतर.
(मला अजून आठवावं लागतं
स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो.)
कुणी काम सांगितलं की म्हणायचे,
‘हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ!’
फेब्रुवारीपासून सगळंच डाव्या हाताकडे आलंय.
बटणं, दात घासणं,
पेन्शनच्या कागदावरची सही,
जी बँकेत कुणाशीच जुळत नाही.

पहिलं अंडं ओट्यावर.
दुसरं सदऱ्यावर, आणि त्यातलं थोडं कॅलेंडरवर,
नेमकं संकष्टीच्या चौकोनात.
आम्ही दोघांनी ते पाहिलं.
आईला सांगायचं नाही, हे न बोलता ठरलं.

तिसरं हातात घेऊन ते थांबले.
जॉब लावण्याआधी असेच थांबत असतील.
वाटीच्या कडेवर एक टिचकी. आणखी एक.
मग अंगठा आत गेला
आणि अख्खा बलक
टरफलाचा एक तुकडा बरोबर घेऊन
दुधात उतरला.

‘रिजेक्ट,’ ते म्हणाले.
महिन्याभरातला त्यांचा सगळ्यात स्पष्ट शब्द.
मी चमच्यानं टरफल काढलं.
‘आता पास करा.’

दालचिनी आमच्याकडे फक्त मसालेभातापुरती.
खलबत्त्यात कुटली, चहाच्या गाळणीतून चाळली,
तरी जाडीभरडीच राहिली.
साखर एक चमचा.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
दीड.
एक रेघ पाळली, एक मोडली.

तव्यावर तूप, तुपावर ब्रेड, चर्र.
पहिला करपला, तो मी खाल्ला.
दुसऱ्याला त्यांनी मला बाजूला सारलं,
उजवा हात उचलून ओट्यावर ठेवला
दुसऱ्याचं सामान सांभाळायला घेतल्यासारखा,
आणि डाव्या हातानं उलथनं सरकवलं.
तो उलटला.
थोडा दुमडून, पण उलटला.

वास जिन्यातून वर गेला असणार.
फ्लोरा मावशी कठड्यावरून ओरडल्या,
‘काय रे, ऑक्टोबरात नाताळ?’
‘नाही, रविवार!’

खाताना अप्पा काही बोलले नाहीत.
मी विचारलं, कँटीनसारखा झालाय का?
बराच वेळ चावत राहिले.
‘गुंजाळ… साखर… जास्त घालायचा.’

मग डाव्या हातानं उजवा हात उचलला,
त्याच्या बोटांना दालचिनी लागली होती,
आणि तो नाकापाशी नेऊन
हुंगत बसले.

ट्रेमध्ये आठ अंडी उरलीत.
आई बुधवारी येणार.