सोळा किलोचं यंत्र

बोअरमधली मोटर वर काढायची असली की मला बोलावतात.
जळालेली, गाळात रुतलेली,
दोनशे फुटांवर हट्ट धरून बसलेली.
विंच माझा पाठीवर मावतो,
सोळा किलोचा, पेट्रोलवर चालतो, आधी खोकतो.
जनावर ओढायला मात्र पहिल्यांदाच नेला.

नान्नजच्या पुढं, वनखात्याच्या गिरिपुष्पात
गवा पडला होता.
आपल्या माळावर गवा!
काळवीट म्हणा, लांडगा म्हणा, समजू शकतो.
हा कुठल्या घाटातून उतरला,
किती कालवे, किती हायवे ओलांडले,
आणि इथल्या उन्हात आडवा झाला.
चारी पायांत पांढरे मोजे,
शाळेला निघालेल्या पोरासारखे.

वनरक्षक हसीना मुजावर टेप धरून उभ्या.
"क्रेन आत येत नाही. एक झाड तोडायचं नाही.
रस्ता एकशे दहा मीटर. जमेल?"
जमेल म्हटलं. घाई तेवढी करायची नाही.

लिंबाच्या बुंध्याला रुंद पट्टा बांधला, साल सोलू नये म्हणून.
मध्ये एक कप्पी. वेग निम्मा, जोर दुप्पट.
शिंगं मुळ्यांत अडकत होती,
तेव्हा कुणीतरी फ्लेक्स आणला,
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा.
नऊ जणांनी पहारी घालून गवा त्यावर कलंडवला.
भाऊंचं हसू त्याच्या पोटाखाली गेलं,
बाहेर राहिले दोन जोडलेले हात
आणि खाली शुभेच्छुकांची रांग.
हसू नये म्हणून सगळे दुसरीकडं बघत होते.

मग दोर ताठ झाला.
इंजिनच्या आवाजानं होले उडाले.
गवा हलला, वीतभर,
आणि आम्ही सगळे मागं सरकलो,
जसा काय तो स्वतःच हलला.

मेंढरं बांधाला सोडून बिराप्पा बघत होता.
"आमचा आज्जा डुक्कर मारून आणायचा तवा
वाशाला बांधून, चौघं म्होरं, चौघं मागं.
वजन खांद्याला कळायचं बघ.
ह्या डबड्याला काय कळतंय?"

डबड्याला नाही कळत, बिराप्पा.
ड्रमवर दोराचे तीन वेढे असतात,
शेपूट माझ्या मुठीत.
ढील दिली की ड्रम नुसताच फिरतो,
आवळलं की अख्खा गवा येतो हातात.
दगड आला कळतं. खड्डा आला कळतं.
मान एका बाजूला वळली, तेही कळतं.

साठाव्या मीटरला थांबलो.
इंजिन तापलं होतं, आणि मीही.
मागच्या पायात काहीतरी करकचलं होतं म्हणून वाकलो.
तार. हातभर.
भोवतीचा मोजा काळा पडलेला, केस जळल्याचा वास.
टोकाला जोड: तीन पीळ, वर काळी टेप,
टेपचं शेवटचं टोक दुमडून आत खोचलेलं.

सोलापुरात असा जोड एकच माणूस मारतो.
मार्डीच्या त्या उसाला मोटर बसवली
तेव्हा उरलेली वायर मीच ठेवून आलो होतो,
"असू द्या, कामाला येईल" म्हणून.

बाई पंचनामा लिहीत होत्या.
नर. वय अंदाजे. उंची. शिंगांतलं अंतर.
कारण, आणि पुढं पेन उचलून धरलेला.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं की नुसतं माझ्या दिशेनं,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
मी इंजिन चालू केलं.

उरलेले पन्नास मीटर
शेपूट फार जड लागलं.

रात्री घरी दोर धुतला.
बायको म्हणाली, किती दिले?
म्हटलं, बिल टाकायचंय.
बादलीत राखाडी पाणी, त्यात आखूड केस,
चारपाच पांढरे.

विंच पुसून ठेवला.
तार अजून पँटच्या खिशात आहे, मांडीला टोचते.
उद्या नान्नजला जायचंय,
वनखात्याच्या ऑफिसात,
बिल घेऊन.
पँट तीच घालायची की दुसरी,
एवढंच राहिलंय.