रेघा

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानाच्या भिंतीवर
बाबांनी पेन्सिलीने दोनच गोष्टी मोजल्या :
गंगेचा पूर आणि मी.

आठ सालचं पाणी
माझ्या डोक्यावरून गेलं असतं.
सोळा साली हनुवटीशी अडलं.
बाबा पितळी घंगाळातला गाळ उपसत म्हणाले,
"घे, उंचीत हरवलंस तिला."
एकोणिसाची रेघ वाकडी आहे, हात थरथरला असावा.
त्यानंतर भिंत कोरी.

मुश्ताक रंगारी ब्रश थांबवून विचारतो,
"ताई, एवढा पट्टा सोडू का?"
खाली घाटावर दुतोंड्या मारुती घोटाभर पाण्यात,
चढतंय की उतरतंय
त्याच्या दोन तोंडांना ठाऊक.

"लाव," मी म्हणते.
पहिल्या हातात रेघा दिसत राहतात.
दुसऱ्या हातात
नाही.

तेवढ्यात शर्वाणी शाळेतून येते
आणि थेट ओल्या रंगाला पाठ लावून उभी राहते,
टाचा उचलून.
"आई, माप ना!"
गणवेशाचं वाटोळं. भिंतीवर वेणीचा फराटा.
मुश्ताक पुसायला पुढे होतो.
"राहू दे."

गल्ल्यात पेन्सिलीचं बोटभर थोटूक सापडतं.
टाचा टेक, म्हणते,
आधी टाचा टेक.