कोरडा कोपरा

गंगावेशीबाहेर तंबू लागला त्या साली
माझ्याकडं एक बादली होती आणि एक तांब्या.
काम एवढंच : पडदा ओला ठेवायचा.
मशीन पडद्यामागं. कापड सुकलं की चित्र मरायचं,
म्हणून दर रिळाला शिडीवर चढून
मी वरून पाणी सोडायचो,
आणि बाबालाल मुल्लाणी खालून ओरडायचा,
"धार नको रं, शिंपड. म्हस धुतोयस काय?"

चित्र विलायतेचं. मुकं.
लंडनची गोदी, गोदीमागची गल्ली,
गल्लीत गुत्ता, गुत्त्यात नाचणारी एक पोरगी
आणि तिच्यापायी सुरा काढलेला एक खलाशी.
सगळीकडं धुकं,
निम्मं तिकडचं, निम्मं माझ्या बादलीतलं.

दर्या आमच्यात कुणीच बघितला नव्हता.
दत्तोबा कुरण्यानंही नाही.
तरी वेताची छडी घेऊन तो पडद्याशेजारी उभा राहायचा :
"शंभर रंकाळे एकाला एक जोडा
आणि पलीकडचा काठ इसरा!"
तालमीतली पोरं मांडीवर थाप मारायची.
गुत्तेवाल्याला त्यानं शाहूपुरीतल्या अडत्याचा आवाज दिलेला,
गूळ तोलताना तागडीला बोट लावणाऱ्या.
पोरीला मात्र कुठलाच नाही.
"ती बोलंना झालीया," म्हणायचा. "तुमीच बघा तिच्याकडं."

बायकांच्या अंगाला, कनातीला टेकून, हौसा बसायची.
चपलांच्या वेण्या घालून घालून
बोटं बाभळीच्या सालीसारखी झालेली.
तिचा येसबा जोतिबाच्या यात्रेतून पळाला होता,
मागं एक मुडदा टाकून.
कुणी म्हणायचं मुंबईला गेला, कुणी म्हणायचं गलबतावर चढला.
फौजदार तिच्या उंबऱ्यावर बसून पान खायचा.
सहा दिवस तिनं तेच चित्र बघितलं,
रोज दोन आणे मोडून.

शेवटचं रीळ मिरजेला अडकलेलं.
मग दत्तोबाच शेवट सांगायचा, नुसत्या पांढऱ्या उजेडावर :
"जहाज सुटलं! खलाशी आत, पोरगी धक्क्यावर,
हातात कंदील..."
शंकर गुरव पेटीचा एकच सूर धरून बसायचा
आणि अख्खा तंबू त्या कापडात जहाज बघायचा.
मी मागून बघायचो.
कापडात माझ्या पाण्याचे ओघळ होते.

सातव्या दिवशी रीळ आलं.
बाबालालनं पट्टी कंदिलापुढं धरली.
नखाएवढ्या चौकटी. शिपाई. बेड्या.
आणि त्याआधी, उजव्या कोपऱ्यात,
पोरीचा हात. बोट खलाशाकडं.
"आयला," बाबालाल म्हणाला, आणि पुढं काही बोलला नाही.

रात्री मी शिडीवर चढलो.
सगळा पडदा भिजवला,
उजवा कोपरा सोडून.
तिथं कापड जाड राहिलं, काळपट, आंधळं.
बेड्या पडल्या तेव्हा दत्तोबा क्षणभर अडखळला,
मग म्हणाला, "ह्यो त्याचा भाऊ. सारखा दिसतो. चुकून धरला."
लोकांनी टाळ्या पिटल्या.
कोल्हापूरला भाऊ चुकून धरला जाणं माहीत होतं.

खेळ सुटल्यावर हौसा मागं आली.
"आज जेवूनबी आलो न्हाई मी," म्हणाली.
"कोपऱ्यात काय हुतं रं?"
"काय न्हाई. पाणी कमी पडलं."
तिनं बादलीत बघितलं.
काठोकाठ होती.
वाकून तिनं हात धुतले, बराच वेळ,
एक बोट जास्तच घासून,
आणि ओल्या हातानं पदर सावरत गेली.

पुढच्या पंधरवड्यात येसबा राजापूरच्या बंदरात सापडला.
खबर कुणी दिली, गावात दहा नावं निघाली.
तिचं कुणीच घेतलं नाही.

मी अजून कुठंही पडद्यापुढं बसलो
की आधी उजवा कोपरा बघतो.